कात्री खणात ठेवली त्याची गोष्ट

परवा दादाचा व्हॉइस मेसेज आला. सहकारनगरच्या त्यांच्या सोसायटीत वाद पेटलाय. शेजारच्या काकू अजून कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच सामान भरतात, अ‍ॅपवरच्या ऑफर उघडूनही बघत नाहीत. दादाच्या मते अशा माणसांना पैशाची किंमत नाही. शेवटी मलाही टोला: "तू तर कूपनांच्या देशात राहून पूर्ण पैसे मोजतेस!"

हो, मोजते. न्यू जर्सीत आल्यावर पहिली तीन वर्षं मी रविवारच्या पेपरातली कूपनं इमानाने कापली. सिरियल, फ्रोझन पिझ्झा, डिटर्जंट. मेथीवर किंवा मसूरडाळीवर मला एकदाही कूपन मिळालं नाही. कोका-कोलाने १८८७ च्या सुमारास फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हापासून हेतू तोच आहे: घरात नसलेली वस्तू घरात आणायची. दोन खोक्यांवर एक डॉलर सुटतो म्हणून आमच्याकडे कुणी न खाणारं सिरियल साठत गेलं. सामानाची यादी जणू कात्रीच करत होती.

दादा, तुझ्या बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी असते. तू घेतलास किंवा तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी घेतला, तरी त्याहून एक रुपया जास्त कुणी मागू शकत नाही. इथे एकाच दह्याच्या डब्याखाली दोन भाव असतात. फोनवर दुकानाच्या अ‍ॅपमध्ये बटण दाबून कूपन घेतलं तर कमी, नाहीतर जास्त. माझ्या शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या बाईंकडे साधा फोन आहे, म्हणून त्यांनी जास्त द्यायचे. हे मला पटत नाही. सॅन डिएगो शहरालाही पटलं नाही, २०२५ मध्ये त्यांनी डिजिटल सवलतीला कागदी पर्याय द्यायचा नियम केला. आणि ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहकांच्या हक्कांसाठी ग्राहक पंचायत उभी केली, तिथे आज पूर्ण भाव देणाऱ्या काकूंनाच अडाणी ठरवताय?

वहिनी म्हणेल, हिला परवडतं. बचत मीही करते. तांदळाची वीस पौंडांची पिशवी इंडियन ग्रोसरीतून येते, बाकीचं ट्रेडर जोज या इथल्या किराणा दुकानांच्या साखळीतून. तिथे कूपन नाही, कार्ड नाही, सगळ्यांना एकच भाव.

पण कात्री खणात गेली ती या तत्त्वामुळे नाही. एका जानेवारीत तेलाच्या बाटलीवर पन्नास सेंटचं कूपन दिलं. कॅशियर म्हणाली, हे दुसऱ्या साइजचं आहे. मी 'व्हेजिटेबल' तीनदा म्हणाले, तिला तिन्ही वेळा कळलं नाही. तिने मॅनेजरला बोलावलं. मागे रांग वाढली, कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. पन्नास सेंटसाठी आपण इथे नको असलेले झालो, असं वाटलं. पूर्ण पैसे मोजले की कुणी काही विचारत नाही. दादा, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

नारायण पेठेत आमच्या घराखालच्या वाण्याकडे आई नुसती वही पाठवायची. कोल्हापुरी गुळाची नवी ढेप आली की ते खालून हाक मारायचे. बाबांचा पगार लांबला तर हिशोब पुढच्या महिन्यात जायचा.

गेल्या खेपेला त्याच दुकानात गेले. आता मुलगा बसतो. गूळ, पोहे, भाजणी घेतली. त्याने मान वर न करता विचारलं, "मोबाइल नंबर सांगा मॅडम, पॉइंट जमा होतील."

माझ्याकडे तिथला नंबर नव्हता. वहिनीचा सांगितला.