‘कर आणि अनुदान एआयकडे द्या, मशीन चुकत नाही’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा

गेले काही दिवस एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून व्यापारी मंडळाच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं की कर गोळा करणं आणि अनुदान वाटणं दोन्ही एआयकडे सोपवा, मशीन चुकत नाही, लाच खात नाही, जातपात बघत नाही, तिजोरीचे पैसे वाचतात, आणि कुणावर अन्याय झालाच तर अपील आहेच की, त्यामुळे यावर कायदे नकोत नाहीतर देश मागे पडेल. पाठवणारे लोक सरकारी ऑफिसात खेटे घालून वैतागलेले आहेत, ते मला समजतं. पण मी करसल्लागार आहे, रोज लोकांच्या नोटिसा वाचते, आणि हा प्रयोग एका देशात पूर्ण करून झालाय, त्याचं काय झालं तेही बघा.

पहिला मुद्दा, मशीन चुकत नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं बेकारी वगैरेचा सरकारी भत्ता घेणाऱ्या लोकांकडून ‘जास्त दिलेले’ पैसे वसूल करायला एक ऑटोमॅटिक सिस्टीम सुरू केली, लोकांनी तिला नाव दिलं रोबोडेट. भत्ता तिथे दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो, आणि टॅक्स ऑफिसकडे मात्र वर्षाचा आकडा असतो. सिस्टीम काय करायची, वर्षाच्या आकड्याला २६ नं भागायची आणि तेवढी कमाई प्रत्येक पंधरवड्याला झाली असं धरायची. आता समजा एका मुलानं सुट्टीत तीन महिने काम करून १३ हजार डॉलर मिळवले, मग काम सुटलं, भत्ता घेतला आणि प्रत्येक पंधरवड्याला प्रामाणिकपणे ‘कमाई शून्य’ असं लिहून दिलं. भागाकार म्हणतो दर पंधरवड्याला ५०० डॉलर, म्हणजे हा खोटं बोलला, म्हणजे पैसे परत कर. आणि तसं नाही हे सिद्ध करायचं त्या मुलानं, चार-पाच वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधून, आणि ते दुकान बंद पडलेलं असलं तरी.

कुणी म्हणेल हे एआय नव्हतंच, साधा भागाकार होता. बरोबर आहे, आणि मला तर त्याचीच जास्त भीती वाटते, कारण चौथीतला मुलगा तपासू शकेल असा भागाकार थांबवायला तीन वर्षांच्या वर लागली, मग जे गणित बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही ते कोण तपासणार?

आकडा खोटा नसतो, त्यातून काढलेला अर्थ खोटा असतो, हे मी इथेही बघते. दोन भाऊ आले होते माझ्याकडे, सामाईक प्लॉट ४० लाखांना विकलेला, आणि आयकर खात्याच्या ऑनलाइन नोंदीत दोघांच्याही नावापुढे पूर्ण ४० लाख. मोठा भाऊ मोबाईल पुढे करून म्हणाला, “ताई, आम्ही ऐंशी लाख आणले कुठनं?” खरेदीखत काढलं, बँकेतल्या एन्ट्र्या जुळवल्या, उत्तर लिहिलं. ज्याला हे जमत नाही आणि सल्लागाराची फी परवडत नाही तो नोटीस बघून घाबरतो आणि भरून टाकतो.

दुसरा मुद्दा, तिजोरीचे पैसे वाचतात. रोबोडेटमधून साधारण ४७७ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. २०२३ च्या रॉयल कमिशनच्या, म्हणजे तिथल्या सरकारी चौकशी आयोगाच्या अहवालात हिशोब आला तेव्हा वाचले होते ४० कोटींच्या आसपास आणि खर्च झाला होता ९७ कोटी, म्हणजे सरकारच ५६ कोटींना बुडालं. २०२० मध्ये ७२ कोटी डॉलर लोकांना परत करायची घोषणा करावी लागली, पुढे क्लास अॅक्शनची, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या दाव्याची तडजोड झाली, आणि २०२५ मध्ये आणखी ४७.५ कोटींची भरपाई कबूल केली. हे सगळे पैसे करदात्यांचेच. आणि कमिशनपुढे मुलं गमावलेल्या आयांनी येऊन साक्ष दिली, ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता ‘अपील आहेच की’. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. टेरी कार्नी हे सिडनी विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक, आणि जवळपास ४० वर्षं अपील ट्रिब्युनलचे सदस्य. २०१७ मध्येच त्यांनी आपल्यापुढे आलेल्या प्रकरणांत स्वच्छ सांगितलं की सरासरी म्हणजे पुरावा नाही, लोकांकडून पैसे येणं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आहे, नागरिकाची नाही. त्याला १९८४ च्या फेडरल कोर्टाच्या निकालाचा आधार होता, म्हणजे कायदा तेव्हाही काही नवा नव्हता. मग काय झालं? खात्यानं त्या निकालांवर वर अपील केलंच नाही, वर गेलं असतं तर निकाल जाहीर झाला असता आणि बाकीच्यांनाही त्याचा आधार घेता आला असता. खालच्या पातळीवरचे निकाल छापले जात नाहीत, त्यामुळे जिंकलेल्या माणसाचं येणं रद्द झालं आणि शेजाऱ्याला तशीच नोटीस जात राहिली. कार्नींची मुदत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संपली आणि पुन्हा नेमणूक झाली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी हे सगळं कायद्याच्या जर्नलमध्ये लेख लिहून मांडलं, तरी योजना चालूच. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका तरुणीच्या केसमध्ये सरकारनं कोर्टात मान्य केलं की असं येणं काढणं कायदेशीर नव्हतं. तोपर्यंत चार लाखांवर लोकांवर बोजा चढला होता. म्हणजे अपील होतं, लोक जिंकतही होते, तरी मशीन चालूच राहिलं.

जातपात बघत नाही, यावर नेदरलँड्स पुरे. मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधायला तिथल्या करखात्यानं जे रिस्क मॉडेल वापरलं त्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही एक निकष होता. एखादी सही राहिली म्हणून आईबापांकडून अख्खं अनुदान परत मागितलं, हजारो कुटुंबं कर्जात गेली, आणि १५ जानेवारी २०२१ ला पंतप्रधान मार्क रुट यांच्या सरकारनं राजीनामा दिला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी परदेशी नावाचा.

शेवटचा मुद्दा, आपल्याकडे कायदा नको. आपल्या राज्यघटनेच्या कलम २६५ मध्ये लिहिलंय की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे एक प्रकरण आलं, कंपनीनं दाखवलेलं उत्पन्न ३.०९ कोटी, आयकर खात्याच्या आदेशात धरलं २७.९१ कोटी, आणि आधाराला दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. कोर्टानं आदेश रद्द केला आणि बजावलं की एआयच्या जमान्यात सिस्टीमनं काढून दिलेलं डोळे झाकून धरू नका, आधी तपासा. ती कंपनी होती, हायकोर्टात जाऊ शकली. जुलै २०२५ मध्ये लाडकी बहीणचे २६.३४ लाख लाभार्थी वेगवेगळ्या खात्यांच्या डेटावरून संशयित ठरले, हप्ता जूनपासून थांबला, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी त्यानंतर. त्यात खरे अपात्र असतीलच, पुरुषांच्या नावावरही पैसे गेले होते, ते थांबायलाच हवेत. पण जी बाई पात्र आहे तिचे पैसे आधी थांबतात आणि तिनं मग सिद्ध करायचं, हा क्रम तोच आहे जो कार्नींनी बेकायदा म्हटला होता.

युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्यात सरकारी मदतीची पात्रता ठरवणारी सिस्टीम ‘जास्त धोक्याची’ धरलीय, माणसाची देखरेख सक्तीची. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण तत्त्वं मोडली म्हणून कोर्टात कुणाला उभं करता येत नाही. मला कायद्यात एवढंच हवंय की मशीननं काढलेल्या प्रत्येक नोटिशीवर कुठला डेटा घेतला, हिशोब कसा केला आणि कुठल्या अधिकाऱ्यानं तो तपासला हे लिहिलेलं असावं, आणि तोवर पैसे अडवू नयेत. त्या दोन भावांना आलेल्या सूचनेत फक्त रक्कम होती आणि उत्तराची शेवटची तारीख.