‘शॉर्टकट’ म्हणणाऱ्या वाचकाला

ध्वनिवेडा (खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, तेव्हा हेच वापरतो),

व्हीआर हेडसेटमध्ये खोलीचा घुमारा कसा उभा करायचा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “सोळा डिले लाइन एकमेकींत गुंतवायच्या आणि त्याला खोली म्हणायचं, हा शॉर्टकट आहे. खऱ्या जागेचा इम्पल्स रिस्पॉन्स घेऊन कन्व्होल्यूशन केल्याशिवाय वास्तव आवाज मिळत नाही, हे कुठल्याही अभ्यासू माणसाला ठाऊक असतं. शेजारच्या खोलीतला घुमारा उघड्या दारातून येतो त्याचं काय, यावर चकार शब्द नाही. आणि आलेख एकही नाही, सगळं ‘मला ऐकू आलं’ यावर.”

(इतर वाचकांसाठी: डिले लाइन म्हणजे आवाज थोडा थांबवून पुढे सोडणारी रांग. इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे क्षणभराच्या आवाजाला खोलीनं दिलेलं उत्तर, आणि कन्व्होल्यूशन म्हणजे ते उत्तर गुणाकार-बेरजा करून दुसऱ्या आवाजावर चढवणं.) आलेखाचं मान्य. एक टाकायला हवा होता, टाकीन. झालं?

आता ‘कुठल्याही अभ्यासू माणसाला’ याकडे येऊ. मतभेद असणं वेगळं आणि समोरच्यानं पाटी कोरी ठेवून लेख लिहिलाय असं गृहीत धरणं वेगळं. मी या धंद्यात कॅसेटच्या काळात आलो. नाटकाच्या दौऱ्यांवर पार्श्वसंगीत चालवायचो. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात आवाज लावून ठेवायचा, आणि रात्री हाउसफुल्ल झालं की तेच नाट्यगृह वेगळंच बोलायचं, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज गिळतात. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिननं १८९५ नंतर हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि घुमारा किती सेकंदांत विरतो ते मोजलं, ती गोष्ट मी पुढे वाचली. वाचली तेव्हा नवीन काही वाटलं नाही. गाद्यांच्या जागी आमच्याकडे प्रेक्षक होते, एवढंच.

हे सांगायचं कारण असं, की ‘खऱ्या जागेचा इम्पल्स रिस्पॉन्स’ हे शब्द तुम्ही देवघरातल्या मूर्तीसारखे हाताळता. तो रिस्पॉन्स म्हणजे काय? स्पीकर एका ठिकाणी, माइक दुसऱ्या ठिकाणी, आणि त्या दोन बिंदूंमध्ये त्या दिवशी त्या खोलीनं दिलेलं उत्तर. फुगा फोडून घ्या, नाहीतर साइन स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर) वाजवून घ्या. उत्तर खरंच असतं, वाद नाही. पण ते त्या दोन बिंदूंचंच. स्टुडिओत गाण्यावर रिव्हर्ब चढवायचा तर मीही तेच वापरतो, कारण गायक चालत नाही आणि ऐकणाराही जागचा हलत नाही. हेडसेट लावलेला माणूस चालतो. भिंतीपासून एक मीटरवर उभं राहून टाळी वाजवलीत तर आवाज जाऊन येऊन २ मीटर अंतर कापतो, म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद. अर्धा मीटर पुढे सरकलात की ३ मिलिसेकंद. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे सुटे आकडे; त्या हिशेबात पहिलं परावर्तन जवळजवळ १४० नमुने अलीकडे आलं. तुमचा रेकॉर्ड केलेला रिस्पॉन्स मात्र अजून जुन्याच जागी उभा आहे!

यावर तुम्ही म्हणाल, खोलीभर जाळी आखून प्रत्येक बिंदूचा रिस्पॉन्स घेऊ. घ्या. मग माणूस एका बिंदूवरून दुसऱ्यावर गेला की जुना हळूहळू उतरवत नवा चढवायचा, म्हणजे तेवढा वेळ दोन कन्व्होल्यूशन एकदम. विरत जाणाऱ्या घुमाऱ्याचं दोन सेकंदांचं शेपूट म्हणजे ९६,००० नमुने. सरळ गुणाकार करत बसलात तर एका आवाजाला एका कानासाठी सेकंदाला ४६० कोटी गुणाकार. हो, एफएफटी (हाच हिशेब झटपट करणारी गणिती युक्ती) आहे. हो, तुकडे पाडून ते विलंबाशिवाय कसं करायचं हे संशोधक गार्डनरनं १९९५ मध्ये दाखवलंय. मला ठाऊक आहे, धन्यवाद. त्यानं आकडा खूपच खाली येतो, पण आवाज वीस झाले, कान दोन झाले आणि माणूस चालायला लागला की तो पुन्हा चढतो. आणि हे सगळं फोनच्या जातीच्या चिपवर, जी कपाळावर बांधलेली आहे, बॅटरीवर चालते आणि मुख्यतः चित्र काढण्यात गुंतलेली आहे. २५६ नमुन्यांचा बफर (एका वेळी हिशेबाला घेतलेला तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद. तेवढ्यात हिशेब झाला नाही तर कानात ‘टक’ वाजतं. चित्राची एखादी फ्रेम हुकली तर डोळा बहुतेक वेळा सोडून देतो, कान सोडत नाही.

म्हणून लेखात मी काम दोन भागांत वाटलं होतं. (तो भाग तुम्ही वाचलात की नाही, अशी शंका येते.) सुरुवातीची परावर्तनं नेमकी काढायची. भिंतीपलीकडे आवाजाचं आरशातलं प्रतिबिंब कल्पून, ॲलन आणि बर्कली यांच्या १९७९ च्या पद्धतीनं. चौकोनी खोलीत पहिल्या फेरीत अशी ६ प्रतिबिंबं, दुसऱ्या फेरीत आणखी १८. ती माणसाबरोबर सरकतात आणि डोकं वळवलं की त्यांची दिशा बदलते. खोली केवढी, भिंत कुठे, हे कान याच भागावरून ठरवतो. नंतरचं शेपूट सगळीकडून येतं, त्यात सुटा प्रतिध्वनी कोणी ओळखू शकत नाही. तिथे कानाला लागतं ते एवढंच: घनता पुरेशी हवी आणि वरचे स्वर खालच्यांपेक्षा लवकर विरायला हवेत. ध्वनिशास्त्रज्ञ श्रोडरनं १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना सेकंदाला हजारेक प्रतिध्वनींचा अंदाज दिला होता, फीडबॅक डिले नेटवर्क (तुम्ही म्हणता त्या एकमेकींत गुंतवलेल्या डिले लाइन) त्याच घराण्यातलं. सोळा लाइन, त्या एकमेकींत मिसळणाऱ्या हॅडमार्ड मॅट्रिक्सला ६४ बेरजा-वजाबाक्या, प्रत्येक लाइनवर एक छोटा फिल्टर. एका नमुन्यामागे शे-दीडशे क्रिया, म्हणजे सेकंदाला ५० ते ७० लाखांच्या आसपास, आणि त्या सगळ्या आवाजांना मिळून. विसावा आवाज आला तर शेपटाच्या खात्यात जवळपास काहीच वाढत नाही.

याला तुम्ही शॉर्टकट म्हणता. मग मायक्रोसॉफ्टच्या निकुंज रघुवंशी यांच्या ‘ट्रायटन’ या ध्वनिप्रणालीला काय म्हणाल? २०१६ च्या ‘गिअर्स ऑफ वॉर ४’ या व्हिडिओ गेममध्ये ते वापरलं गेलं. तिथे ध्वनीच्या लाटांचं पूर्ण गणित आधीच करून ठेवतात, तुमच्या इम्पल्स रिस्पॉन्सच्या कितीतरी पुढचं, आणि मग अख्खा रिस्पॉन्स जपून न ठेवता त्यातून मोजके आकडे काढून ठेवतात: किती मोठा, किती वेळात विरतो वगैरे. खेळ चालू असताना त्या आकड्यांवरून थोडे ठरावीक फिल्टर सगळ्या आवाजांना सामायिक वापरतात. ते फिल्टर कन्व्होल्यूशनचे असतात हे तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो. पण खऱ्या जागेचे नसतात, आणि मुद्दा तोच आहे.

‘मला ऐकू आलं’ यावर तुमचा राग का, तेही कळलं नाही. हेडसेट शेवटी आलेखाच्या कानाला लावायचा नसतो.

दाराचा मुद्दा राहिला. दोन खोल्यांना दोन नेटवर्क आणि दार जितकं उघडं तितका एकातून दुसऱ्यात जाणारा अंश, इतकं इथे पुरे. बंद होत जाणाऱ्या दारावर वरचे स्वर आधी अडतात वगैरे बारकावे आहेत, पण माझा लेख एका खोलीबद्दल होता. त्यात दुसरी खोली नाही ही तक्रार मला मान्य नाही.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा तुम्ही स्वतः कन्व्होल्यूशनवर चालवलेला एखादा सीन सोबत द्या. बॅटरीवरचा, संगणकाला केबल न लावता, आणि चालत्या माणसाचा. मी तो लावून ऐकीन, आणि जे वाटेल ते इथेच, तुमच्या प्रतिक्रियेखाली लिहीन.