पांढरी पाच, किंचित चढी

आमच्या घरात दोन वस्तूंना हात लावायला सगळे घाबरतात. एक सासूबाईंचा तंबोरा आणि दुसरा माझा हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर. तंबोऱ्याला हात लावला तर नुसती बोलणी बसतात.

अ‍ॅम्प्लिफायर जपानी, वयाने माझ्या लग्नाएवढा. टोकियोत नोकरीला असलेल्या भाच्याने तो सेकंडहँड घेतला आणि स्वेटरांत गुंडाळून आणला. सोबत हेडफोन. हा हेडफोन इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचा. स्टॅक्स या जपानी कंपनीने असा पहिला हेडफोन १९६० साली बाजारात आणला, तेव्हापासून जगभरात थोडे थोडे लोक त्याच्यापायी वेडे होत आलेत. मी त्या दिंडीत जरा उशिराच शिरलो. साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. इथे दोन्ही नाहीत. केसापेक्षा कितीतरी पातळ असा प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेल्या चकत्या, बस. पापुद्र्यावर ५८० व्होल्ट कायमचे चढवलेले, चकत्यांवर गाण्याच्या चालीने शेकडो व्होल्ट खालीवर होणारे. पापुद्रा कधी इकडे ओढला जातो, कधी तिकडे. त्यातून गाणं.

हे मी बायकोला हौसेने समजावलं. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे भिंतीतल्या प्लगात २३० आणि तुमच्या कानाशी ५८०?"

"अगं, वाटेत काही मेगोहमचा रेझिस्टन्स असतो. करंट नगण्य."

"एलआयसीचा हप्ता भरलाय ना?"

खरं तर भ्यायचं ते हेडफोनला नाही, अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याला. त्याच्या पोटात अधिक ३५० आणि उणे ३५० व्होल्ट नांदत असतात, म्हणजे टोकाला टोक ७००, आणि तिथे कोणताही मेगोहम मध्ये पडत नाही. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची. हे मला पक्कं ठाऊक होतं. २३०चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर आणून मी टेबलाखाली ठेवलाही होता. पण आपल्याकडचे मल्टिप्लग दिलदार. जपानी चपट्या पिनाही ते विनातक्रार पोटात घेतात. एका रविवारी पोहे खाता खाता मी अ‍ॅम्प्लिफायरची वायर सरळ त्या मल्टिप्लगात खुपसली. फट्. काचेच्या नळीतला फ्यूज आतून काळाठिक्कर पडला. बिचाऱ्याने स्वतःचा जीव देऊन बाकीच्यांना वाचवलं.

पुन्हा असं नको म्हणून झाकण उघडलं. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, म्हणजे वीज आत येते त्या बाजूच्या, तारा फिरवून जोडल्या की हाच डबा २४०वर चालतो, हे आत छापलेलंच होतं. तारा फिरवल्या, डाख दिले. पण अशा वेळी थेट वीज द्यायची नसते. मध्ये सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर सगळं ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट. फक्त हा बल्ब तारेचाच लागतो, एलईडी चालत नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, केळकर म्युझियममध्ये विचारा." शेवटी माळ्यावर सापडला, ग्राइप वॉटरच्या बाटल्या आणि लग्नातल्या लेमन सेटच्या मध्ये.

दुसरा नियम : जास्त व्होल्टेजला काम करताना एक हात खिशात. म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जायला वाट उरत नाही. नियम उत्तम. पण मी रात्री लेंगा घालून काम करतो आणि लेंग्याला खिसा नाही. मी डावा हात पाठीमागे बांधून, वाकून डब्यात बघत होतो. तेवढ्यात मुलगी पाणी प्यायला उठली. "बाबा, शिक्षा केलीय का तुम्हाला कोणी?"

बल्ब पेटला, मंदावला. मी हेडफोन कानाला लावला. गाणं आलं, आणि गाण्याच्या मागून एक अखंड हुंकारही आला.

आठवडाभर मी त्या हुंकाराचा पाठलाग केला. तोंड वाकडं करून बसलेला पाहून एकदा सासूबाईंनी हात पुढे केला. चाळीस वर्षं गाणं शिकवलेली बाई. त्यांनी हेडफोन डोक्यावर दाबला. दाबला की आतला पापुद्रा हवेने चेपतो आणि असा काही आवाज करतो, की जो चारचौघांत झाला तर माणूस खुर्ची सरकवल्याचं नाटक करतो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

मग डोळे मिटून त्या म्हणाल्या, "जावईबापू, पांढरी पाच आहे. अगदी खाली, खर्जाच्याही खाली. आणि किंचित चढी."

मी कागद घेतला. पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, इंग्रजी जी. तळातला जी ४९ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झ. किंचित चढी! म्हणजे हा सरळ विजेचा सूर होता, गाणं पुरवणारा कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगच्या तारांचा मिळून फेरा झालेला. दोन्ही एकाच सॉकेटवर आणले आणि हुंकार बराच उतरला. पण गेला नाही.

"आता?" मी पुन्हा हेडफोन पुढे केला.

"सूर तोच. पण सप्तक वर गेलंय."

म्हणजे १०० हर्ट्झ! एसीचं डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्धे वापरतात, म्हणून ५०चे १०० होतात. ते गुळगुळीत करायचं काम कंडेन्सरचं. कंडेन्सर म्हातारे होऊन आतून सुकले होते. मी विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा हजारो रुपयांचा ऑसिलोस्कोप घ्यायला निघालो होतो. तो घरातच सोफ्यावर तुळशीची माळ ओढत बसलेला होता.

पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात गेलो. "१०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट द्या."

"पंख्याचा की मोटरचा?"

"हेडफोनचा."

दुकानदाराने आतल्या मुलाला हाक मारून बाहेर बोलावलं. मला दाखवायला. "साहेब, हेडफोन तीनशेला मिळतो. ब्लूटूथ."

कंडेन्सर बदलण्याआधी जुने रिकामे करावे लागतात, नाहीतर प्लग काढल्यावरही ते डूख धरून बसतात. मी रेझिस्टन्स लावून मल्टिमीटरवर डोळे ठेवले. ३१०… २६०… २१५. बायकोने पानं घेतल्याची हाक मारली.

"आलोच, अजून १४० आहेत!"

"काय, मिनिटं?"

नवे कंडेन्सर बसले. मग स्क्रू फिरवून समतोल साधायचा. प्रत्येक कानाला दोन स्क्रू. एक दोन्ही चकत्यांमधला फरक मिटवतो, दुसरा दोघींना मिळून शून्यावर आणतो. एकाची समजूत काढली की दुसरा रुसतो. त्यात डबा अर्धा तास तापल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही. ऐन लग्नात दोन व्याह्यांना एका पंगतीत बसवणं याहून सोपं. पहाटे दोनला चारही आकडे शून्याच्या आसपास टेकले. हेडफोन लावला. काहीच ऐकू येईना. मी घाबरून प्लग तपासला. मग लक्षात आलं, हीच ती शांतता.

सकाळी चहाआधीच मी सासूबाईंना हेडफोन दिला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. मी शाबासकीची वाट पाहत उभा.

"बंद आहे का?"

"नाही आई, चालू आहे. हुंकार गेला."

त्यांचा चेहरा पडला. "असं होय. हल्ली तंबोरा लावायला हात थरथरतात हो. तुम्ही ऑफिसला गेलात की मी हे एका कानाला लावून रियाज करत होते. माझी पट्टी पांढरी पाचच आहे. चढी होती, पण स्थिर होती."

कचऱ्याची गाडी खाली शिट्टी वाजवत होती. मी लेंग्यावरच जिना उतरलो, सुकलेले चार कंडेन्सर परत आणायला.