खुलासा : सोप्रानोची मेझो झाली म्हणजे आवाज गेला?

‘ऑपेरातली सोप्रानो मेझो-सोप्रानोच्या भूमिका घेऊ लागली, की तिचा आवाज संपला समजा,’ असा एक दावा सध्या फिरतो आहे. (सोप्रानो म्हणजे ऑपेरा या पाश्चात्त्य संगीतनाटकातला स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज; मेझो-सोप्रानो किंवा मेझो त्याच्या खालचा.) तो चुकीचा आहे आणि गायिकांवर अन्याय करणाराही.

रेजिना रेझनिकचंच घ्या. 1944 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘इल त्रोवातोरे’मधल्या लिओनोराच्या भूमिकेत ती पहिल्यांदा उभी राहिली, तीही सोप्रानो म्हणून, अवघ्या बाविसाव्या वर्षी. पुढे आवाजाला खालच्या सुरांत गडद वजन येत गेलं. 1956 मध्ये त्याच रंगमंचावर ती मेझो म्हणून ‘बोरिस गोदुनोव’मधली मारिना गायली. तेव्हा ती जेमतेम तिशीत होती! तिची गाजलेली कार्मेन ही मेझो भूमिका त्यानंतरची.

प्रवास उलटाही होतो. ग्रेस बम्ब्री मेझो म्हणून नावारूपाला आली आणि 1970 च्या दशकात सालोमे, तोस्का अशा सोप्रानो भूमिका गायली.

आपल्याकडे गायिका सोयीची पट्टी धरते. ऑपेरात स्वरलेखन सहसा बदलत नाही, म्हणून भूमिका बदलावी लागते. वरचा एखादा सूर लागतो का, एवढ्यावर ते ठरत नाही. तीन-तीन तास आवाज कुठे न ताणता टिकतो, हे पाहावं लागतं. वयाने काही आवाज उतरतात, हे खरं. पण प्रत्येक बदलामागे तेच कारण शोधू नका.