चिमणीचं जिवंतपणी श्राद्ध

होळी झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो निरोप येतोच. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस जवळ आलेला असतो. (हा दिवस २०१० पासून पाळला जातो आणि त्याची सुरुवात नाशिकच्या एका संस्थेच्या पुढाकाराने झाली, हे मात्र त्यात कधी नसतं.) मजकूर थोडक्यात असा: चिमणी नामशेष होत चालली आहे, नातवंडांना ती चित्रातच दाखवावी लागेल. तिला मोबाइलच्या टॉवरनी मारलं. शहरात आता कबुतरांशिवाय काही उरलेलं नाही. म्हणून गॅलरीत तांदूळ टाका, घरटं टांगा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर हात लावू नका, माणसाचा वास लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात. हे दहा जणांना पाठवा.

यंदा तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाठवला. काका भला माणूस, आणि ग्रुपवर वाद घातला की पाण्याच्या टँकरपासून पार्किंगपर्यंत सगळं वर येतं. म्हणून तिथे हात जोडलेला इमोजी टाकला आणि उत्तर इथे लिहितोय.

"चिमणी नामशेष होत चालली आहे"

नाही. जगभरच्या प्राण्यापक्ष्यांची लाल यादी करणाऱ्या आययूसीएनने घरचिमणीला 'किमान चिंता' या वर्गात ठेवलंय. भारतापुरतं बोलायचं तर २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. ८६७ जातींचा आढावा, एक कोटीहून अधिक नोंदी. त्यात चिमणी देशभरात गेली पंचवीसेक वर्षं साधारण स्थिर दिसते. घट दिसली ती मोठ्या शहरांत: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद. म्हणजे दादरच्या माणसाची तक्रार खरी आहे. पण दादरच्या गॅलरीतून दिसतो तेवढाच देश, असं धरून चालणं काही खरं नाही.

काकांच्याच घराची गोष्ट सांगतो. त्यांच्या एसीचा पाइप जिथून बाहेर येतो तिथे भिंतीत भोक राहिलंय, कारागिराने सिमेंट लावायचा कंटाळा केला. त्या भोकात गेली तीन वर्षं चिमण्यांची जोडी वीण घालते. मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसते. काकांना दिसत नाही, कारण ती त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर आहे.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्याच्यासाठी रडावं असा पक्षी आपल्याच राज्यात होता. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी राखलं गेलं, आणि आज देशभरात मिळून माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. त्याच्या नावाने आमच्या ग्रुपवर एकही निरोप आलेला मी पाहिलेला नाही. माळरानावरचा पक्षी कुणाच्या तसबिरीमागे घरटं करत नाही, म्हणून त्याची आठवण कुणाला येत नाही.

"तिला टॉवरनी मारलं"

हा सगळ्यात लाडका मुद्दा, कारण टॉवर दुसऱ्याने उभारलेला असतो.

तारखा बघा. ब्रिटनमध्ये शहरी चिमण्या १९२० च्या सुमारास एकदा कमी झाल्या. रस्त्यावरून घोडे गेले, मोटारी आल्या आणि घोड्यांच्या तोबऱ्यातून सांडणारं, लिदीतून मिळणारं धान्य संपलं. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या पुन्हा घसरल्या. तिथे मोबाइल सेवा सुरू झाली जानेवारी १९८५ मध्ये. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. मारेकरी घटनास्थळी पोहोचायच्या आधीच खून झालेला असेल तर पोलिससुद्धा दुसरा संशयित शोधतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेल्जियम आणि स्पेनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, जिथे टॉवरच्या लहरींचं क्षेत्र तीव्र तिथे चिमण्या कमी दिसल्या. आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये याच विषयावर समिती नेमली, तिनेही सावधगिरी बाळगायला सांगितलं. पण जिथे टॉवर दाट तिथे काँक्रीटही दाट, गाड्याही दाट, झुडपं विरळ. त्यातलं नेमकं कशाने काय झालं, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. २०२० च्या अहवालानेही टॉवरच्या बाजूने ठोस पुरावा नसल्याचंच म्हटलंय.

कारण सिद्ध होतं म्हणजे काय होतं, ते गिधाडांच्या बाबतीत आपण पाहिलंय. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली सापडली, शरीरात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं, ते औषध टोचलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाड मरतं हे प्रयोगातून दिसलं. मग २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. चिमणी आणि टॉवर यांच्यात अशी साखळी कुणीही जोडून दाखवलेली नाही.

मग शहरात चिमणी कमी का झाली? माझ्या आजीच्या वाड्याचं वर्णन केलं की निम्मं उत्तर मिळतं. वाईला तिच्या ओसरीवर गहू सुपात पाखडले जायचे, तांदळाच्या कण्या अंगणात पडायच्या. माळवदाच्या तुळयांमध्ये, कोनाड्यात, आजोबांच्या फोटोमागे चिमण्यांची घरटी. वर्षातून एकदा फोटो पुसायला काढला की काड्या, दोरे, पिसं आणि एखादं फुटकं अंडं खाली यायचं. आता आपण पिठाची पिशवी आणतो आणि भिंती गुळगुळीत असतात. काचेच्या इमारतीत काकांच्या कारागिरासारखा आळशी माणूस सापडला तरच भोक मिळायचं.

उरलेलं निम्मं उत्तर जास्त महत्त्वाचं. चिमणी दाणे खाते हे आपल्याला चिऊकाऊच्या घासापासून माहीत आहे. पण तिची पिल्लं पहिले काही दिवस दाण्यावर वाढत नाहीत. त्यांना अळ्या, मावा, कोळी, किडे लागतात. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात घरट्यांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात किड्यांअभावी पिल्लं उपाशी मरताना दिसली. आपण बागेत दर पंधरा दिवसांनी फवारणी करतो, कंपाउंडला पेव्हर ब्लॉक बसवतो, मेंदीचं कुंपण काढून पत्रा ठोकतो. आमच्या सोसायटीत हे तिन्ही ठराव एकमताने मंजूर झालेत. माझाही हात वर होता.

"कबुतरांशिवाय काही उरलेलं नाही"

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आमची इमारत पुण्यात धनकवडीला, तळजाईच्या टेकडीपासून फार लांब नाही. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, समोर एक उंबर आणि दोन गुलमोहर. एवढीच पुंजी. फेब्रुवारीपासून उंबरावर टुक्‌ टुक्‌ टुक्‌ सुरू होतं. तो तांबट. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला या पक्ष्याचं नाव पाठ करावं लागत नाही. हिरवागार, चिमणीहून थोडा थोराड, कपाळावर लाल टिळा. आवाज दिवसभर येतो, पण पक्षी दिसायला मला पहिल्या वर्षी अकरा दिवस लागले. पानांत पानासारखा बसतो.

उंबर पिकला की राखी धनेश येतात, बहुतेक जोडीने. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड आपल्याच विष्ठेने लिंपून घेते, फक्त एक उभी फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. हे नाटक पुण्यातल्या जुन्या रस्त्यांवरच्या झाडांवर चालतं आणि खालून पीएमपी बस जात असते.

मार्चमध्ये पहाटे साडेपाचला दयाळ गातो. थंडीभर हाच पक्षी मुक्यासारखा असतो, म्हणून लोकांना वाटतं की कुठून नवीन आला. कोकिळा गाते म्हणून आपण शाळेत निबंध लिहिले, पण कुहूकुहू करणारा असतो तो काळाभोर नर. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची आणि 'किक्‌ किक्‌' असं किरकिरणारी. ती कावळ्याच्या घरट्याभोवती टेहळणी करत असते. कोकीळ तर भारतात वाढतोय, असं 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३ च्या अहवालात आलंय. तीही बातमी कुणी पाठवली नाही.

शिंजीर या फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा पक्ष्याने मागच्या वर्षी कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला घरटं बांधलं. कोळ्याच्या जाळ्याने विणलेली, कचऱ्याची लोंबती पिशवी वाटावी असं. झाडूवाली ते काढणारच होती. बांधकाम आणि अंडी उबवणं सगळं मादीकडे, नर चमचमत्या जांभळ्या अंगाने शेजारच्या तारेवर गात बसतो. पिल्लं झाल्यावर भरवायला मात्र येतो. वीण संपली की त्याचं ते जांभळं उतरतं आणि पिवळ्या पोटावर गळ्यापासून एक काळी रेघ तेवढी राहते. पाच आठवडे आम्ही कपडे घरात वाळवले. घरात यावर एकमत होतं असा दावा मी करणार नाही.

बाकी भराभर: वेडा राघू तारेवर, पिंगळ्याची जोडी गुलमोहराच्या ढोलीत (तिला अपशकुनी म्हणणाऱ्यांनी तिचे उंदीर मोजावेत), थंडीत धोबी पक्षी गच्चीवर शेपूट हलवत, संध्याकाळी भोरड्यांचे ढगासारखे थवे, पार्किंगमध्ये मुंगूस, आणि माझ्या गादीतला कापूस नेणारी खार. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, त्याच उंबरावर दोनदा आलाय.

"तांदूळ टाका, घरटं टांगा"

हेतू चांगला, पण गॅलरीत तांदळाचा ढीग टाकला की पहिलं कोण येतं? कबुतर. म्हणजे निरोपातली तिसरी तक्रार आपण चौथ्या उपायाने वाढवतो. कबुतरांच्या विष्ठेतून आणि पिसांच्या भुकटीतून फुप्फुसांना सूज येणारा आजार काहींना होतो. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि केवढा गदारोळ झाला, ते सगळ्यांनी पाहिलं. टाकायचेच असतील तर मूठभर कण्या किंवा बाजरी, सकाळी, संपतील तेवढेच. पाण्याचं मातीचं पसरट भांडं रोज घासून ठेवा, नाहीतर त्यात डासांच्याच अळ्या होतात.

घरट्याचं भोक साधारण ३२ मिलिमीटरचं हवं. त्याहून मोठं ठेवलं तर साळुंकी घुसते. सावलीत टांगा, प्लॅस्टिकचं नको, उन्हात ते भट्टी होतं. बाहेर बसायला काडी लावतात ती शोभेची, चिमणीला तिची गरज नसते आणि शिकाऱ्याची सोय होते. चिमण्या शेजाराने राहतात, म्हणून एकापेक्षा दोन-तीन घरटी बरी. आणि शक्य असेल तर कुंपणाला मेंदी किंवा जास्वंद राहू द्या, तिथे अळ्या होतात. अळ्या झाल्या की शेजारी तक्रार करतात, तेवढी तयारी ठेवा.

"हात लावू नका, टोचून मारतील"

हे मी आजीकडूनही ऐकलंय, त्यामुळे खोडताना जड जातं. पण ते खरं नाही. चिमणी पिल्लाला ओळखते ती मुख्यतः आवाजावरून आणि जागेवरून, माणसाच्या वासावरून टाकून देत नाही. मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे) लोक कित्येक दशकं पक्षी हातात धरून त्यांच्या पायात कडी अडकवतात आणि सोडून देतात. हात लागलेला प्रत्येक पक्षी मारला जात असता तर हा उद्योग केव्हाच बंद पडला असता. विणीच्या दिवसांत चिमण्या आपसांत जिवावर उठून भांडतात आणि अशक्त पिल्लाला कावळे टोचतात. ते बघून हा समज झाला असावा.

या समजामुळे पिल्लं मरतात, म्हणून तो निरुपद्रवी नाही. उघडंबोडकं, डोळे न उघडलेलं पिल्लू खाली पडलं असेल तर ते हलक्या हाताने घरट्यात परत ठेवा. घरटं हाती लागत नसेल तर जवळच उंच, सावलीच्या जागी छोट्या टोपलीत ठेवा आणि लांबून बघा. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आई जवळच असते, तुम्ही हललात की येते. त्याला फक्त झुडपावर ठेवा आणि मांजर हाकला. घरात नेऊन दूधभात भरवू नका.

"दहा जणांना पाठवा"

मी कुणाला पाठवला नाही. वर ज्या अहवालाचे आकडे दिले, त्याच्या नोंदी पगारी शास्त्रज्ञांनी केलेल्या नाहीत. पंधरा हजारांहून अधिक हौशी लोकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर टाकलेल्या याद्यांतून तो तयार झाला. फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी असते, भारतात ती २०१३ पासून चालते. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसेल आणि ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचा. कबुतरंसुद्धा.

मी काकांना हेच सांगायला त्यांच्या दारात गेलो. ते म्हणाले, "अहो, पण पंधरा मिनिटांत चिमणी दिसलीच नाही तर काय लिहायचं?" दिसले तेवढे सगळे पक्षी लिहिलेत आणि त्या यादीत चिमणी नसेल, तर तीही नोंदच असते. शहरात चिमणी कमी झाली हे कळलं ते अशाच याद्यांवरून. काकांनी फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, "तुम्हीच टाका ते ॲप." टाकून दिलं. एसीच्या भोकाबद्दल अजून बोललो नाही, फेब्रुवारीत त्यांना स्वतःला दिसतं का बघायचंय.