एका बोटाची साथ

बाबांच्या कपाटातल्या एलपीवरचा भीमसेनजींचा शुद्ध कल्याण राग घरी निवांत ऐकायचा, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी रेकॉर्ड प्लेअर घेतला, ॲम्प्लिफायर घेतला आणि घरात सांगितलेल्या किमतीशी खऱ्या बिलाची कधी गाठ पडू नये म्हणून ते बिल रेकॉर्डच्याच कव्हरात दडवलं.

पहिल्या रविवारी सुई टेकवली. गाणं सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी ‘हंऽऽऽ’ धरून बसलेलं. मला वाटलं, तानपुरा. पण बुवा मंद्रातून वर आले तरी हा आपला आहे तिथेच. तानपुऱ्याला निदान चार तारा असतात, याला एकच होती. फ्रिज बंद केला (दूध नासलं, त्यावर घरात स्वतंत्र मैफल झाली). पंखा, वायफाय, शेवटी मिक्सरचीही पिन काढली. ढिम्म.

मग मोबाइलवरच्या तानपुऱ्यात काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) लावून त्या आवाजाचं बिऱ्हाड शोधलं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तिचाच हा सूर. काळी एकला सा धरलं, तर तो तीव्र मध्यमाच्या (म्हणजे चढ्या ‘म’च्या) जरा वर आणि पंचमाच्या खाली पडतो. शुद्ध कल्याणात पंचमावरून गंधाराकडे उतरताना मींडेत, म्हणजे सुरावरून सुरावर घसरताना, तीव्र मध्यम ओझरता दिसतो, न दिसतो. माझ्या दिवाणखान्यात तो सोफ्यावर पाय पसरून बसलेला, आणि तोही चढा.

इलेक्ट्रिशियन आला. टेस्टर खुपसून म्हणाला, “काका, अर्थिंगच नाहीये.”

“तिसरं भोक आहे की!”

“भोक आहे. मागे वायर नाही.”

वीस वर्षं आम्ही त्या भोकावर विश्वास ठेवून संसार केला. सुईतून निघणारा विजेचा दाब इतका नाजूक, जेमतेम काही मिलिव्होल्ट, की ॲम्प्लिफायर त्याला शेकडो पटींनी फुगवतो. सोबत आलेला आगंतुकही तेवढाच फुगतो. इलेक्ट्रिशियनने सहज प्लेअरच्या मागच्या स्क्रूला बोट लावलं, आणि हंऽऽऽ गप्प!

“तोवर बोट लावून ठेवा. खालपासून वायर ओढायला सोसायटीची परवानगी लागेल.”

सोसायटीची सभा दिवाळीनंतर.

एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. मी स्टुलावर, उजवी तर्जनी स्क्रूवर. सम येते, मान हलते, हात उचलायची सोय नाही. नाक खाजतं ते नेमकं उजव्या बाजूला. बाबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) जुन्या तबकड्या किती समंजस! अब्दुल करीम खाँसाहेब तीन-सव्वातीन मिनिटांत ठुमरी संपवून मोकळे, बोटाला मुंग्या यायच्या आत. शिवाय मागे पापड तळल्यासारखी अशी चरचर की हंऽऽऽला कोण विचारतो? आणि सगळ्यात भाग्यवान केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तिकडे पृथ्वीच मागे पडली, अर्थिंगची कटकट कुठून असणार?

“अहो, नाडी बघताय का त्याची?” बायकोने जाता जाता विचारलं. “ताप असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. रिकामाच आहे.”

काल समोरच्या शोकेसच्या काचेत स्वतःला पाहिलं. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले, सगळा जीव एका बोटात. बुवांच्या मागे तानपुऱ्यावर बसवलेला नवखा शिष्य असतो ना, खोकला आला तरी गिळणारा, तस्सा. जरा अभिमानच वाटला. तेवढ्यात द्रुतात एक तान अशी सणसणत वर गेली की माझ्या तोंडून “आहाहा!” निघालं आणि दोन्ही हात हवेत.

हंऽऽऽ.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, सूर सोडू नका!”