रविवारचे काल्पनिक वेळापत्रक

दरवर्षी गणपतीला चाकरमानी गावी उतरले की आरती आटोपताच ओटीवर दूरदर्शनच्या सुवर्णकाळाचे कीर्तन सुरू होते आणि एकाच रविवारी ‘हम लोग’, ‘रामायण’ व ‘महाभारत’ लागत असल्याची ग्वाही छातीठोकपणे दिली जाते. अहो, ‘हम लोग’ १९८४ मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी संपली, ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये आले आणि ते जुलै १९८८ मध्ये संपल्यावरच, २ ऑक्टोबरला, ‘महाभारत’ सुरू झाले. मग हा त्रिवेणी संगम घडला कधी?

शिवाय कोकणातल्या पावसाचा यांना सोयीस्कर विसर पडतो. कौलांवर चढून अँटेना फिरवणारा “आलं काय?” म्हणून ओरडे, घरातून “आलं, आलं... गेलं!” असे उत्तर येई, आणि एवढे करूनही पडद्यावर मुंग्याच. कार्यक्रम चांगले होते, हे मान्य. पण दुसरी वाहिनीच नसल्यामुळे ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रमदेखील सारे घर निमूटपणे पाहत असे (शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी), त्याला रसिकता म्हणणे माझ्या पचनी पडत नाही. हे ऐकवणाऱ्यांचा स्वतःचा मोबाइल मात्र आरतीतही खिशात जात नाही.